मयत हेस्केल यांचं उत्तर

छावणी, १२ नोव्हेंबर १९५०

प्रिय बाबा,

तुमचं पत्र परवा मिळालं. फायवेलच्या मावशीने, म्हणजे ब्रोन्कामावशीने, लंडनला ते नव्या पाकिटात घातलं आणि वर फायवेलसाठी त्यांच्या यिद्दिशमध्ये एक ओळ लिहिली: 'तुझे सासरे अक्षर फार सुंदर काढतात. वाचता येत नाही, म्हणून नुसतं पाहत बसते.' बगदादचं टपाल इथे येत नाही, इथलं तिकडे जात नाही. आपलं बापलेकीचं बोलणं त्या बाईच्या टेबलावरून चाललंय.

तुम्ही बजावल्याप्रमाणे या देशाचं नाव लिहीत नाही. 'मामाचं घर' म्हणते. तर मामाच्या घरी पाऊस सुरू झालाय आणि आमचा तंबू दोन ठिकाणी गळतो. एका ठिकाणी बादली ठेवलीय, दुसऱ्या ठिकाणी फायवेल झोपतो. त्याला माझी अरबी येत नाही, मला त्याची यिद्दिश येत नाही, दोघांची हिब्रू अजून रांगतेय. भांडायला शब्दच पुरत नाहीत, म्हणून संसार बरा चाललाय.

आता मुद्द्याचं. मला दिवस गेलेत, डिसेंबरात बाळ येईल. आधी कळवलं नाही, कारण तुम्ही काळजीने जेवण सोडलं असतं. डोहाळे विचाराल तर एकच: अंबा. आपल्या शोर्जा बाजारातलं, मुंबईच्या पिंपातलं ते आंब्याचं पिवळंधमक लोणचं, उकडलेल्या अंड्यावर. इथे कुणाला ठाऊकच नाही. फायवेलला वर्णन करून सांगितलं तर म्हणाला, 'औषध आहे का?'

बाबा, बगदादमधले ज्यू नाव नोंदवून इकडे निघालेत. रोज विमानं येतात. मी प्रत्येक विमानाची माणसं बघायला जाते. सगळे म्हणतात, नोंदणी मार्चपर्यंतच, मग दार बंद. आई गेली, मी पळून आले, तुम्ही एकटे कुणासाठी बसलात? नाव नोंदवा. एवढंच मागते.

तुमची
नझिमा

*

बगदाद, ३ डिसेंबर १९५०

नझिमा, माझ्या डोळ्यांच्या बाहुले,

तुझी बातमी वाचली आणि मी कॉफीच्या दुकानात सगळ्यांना चहा पाजला. कारण सांगता येईना. सोंगट्यांच्या पटापलीकडून शेजारी अबू जबार म्हणाला, 'ज्यू फुकट चहा पाजतोय, म्हणजे काहीतरी मोठंच लपवतोय.' मग त्याच्या कानात सांगितलं. त्याने सोंगट्या टाकल्या आणि तो डाव मुद्दाम हरला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

पण येण्याचं म्हणशील तर नाही.

रागावू नकोस, ऐकून घे. ज्या संदेष्ट्याचं नाव मी लावतो तो इथेच, किफलला, फरात नदीकाठी झोपलाय. त्याला तर बंदिवान करून आणलं होतं. तरी तो इथेच राहिला. तुझी आई इथे आहे. माझी गच्ची इथे आहे. उन्हाळ्यात गच्चीवर पडलं की शेजारच्या गच्चीवर अबू जबार कुठल्या कुशीवर वळला तेही मला कळतं. अरब या मुलखात यायच्या आधीपासून आपण इथे आहोत, आणि आता मला कुणीतरी सांगणार की जा, तुझ्या घरी जा?

सांगितलंच म्हणा. ज्या कचेरीत मी तीस वर्षं इंग्रजीत पत्रं लिहिली तिथे एका सकाळी म्हणाले, उद्यापासून येऊ नका, तुम्ही तिकडचे. आणि तू लिहिलं होतंस की तिकडे तुला पाणी भरताना 'ए इराकीण' म्हणतात. म्हणजे माणूस जिथे नसतो तिथलाच असतो! मग निदान मी आपल्या अंथरुणात तरी असावं.

नावाचं बोलू. मुलगा झाला तर पहिला मान तुझ्या सासऱ्यांचा. ते बिचारे पोलंडात मारले गेले, पण मान मान आहे. 'झेलिग' माझ्या जिभेला वळत नाही. तरी ठेव. दुसऱ्याला माझं. मी थांबायला तयार आहे. आपल्याकडे आजोबा नातवाला आपल्या नावाने हाक मारतात, त्याहून मोठं सुख नाही. त्यासाठी थांबेन.

अंबा पाठवण्याची वाट दिसत नाही. पत्राला थोडा वास लागतो का ते पाहा, शेजारी बरणी ठेवून लिहितोय.

तुझा
बाबा

*

लंडन, ९ जानेवारी १९५१

श्री. हेस्केल यांच्या घरच्या मंडळींस,

आपली ओळख नाही. मी फायवेलची मावशी, ब्रोन्का. माझं इंग्रजी तोडकंमोडकं आहे, चुका पदरात घ्या.

फायवेलचं पत्र आज आलं. नझिमाला मुलगा झाला आणि त्याचं नाव हेस्केल ठेवलं. ती ओळ वाचली आणि मी खुर्चीत बसले. तुमच्या घरात एवढं दुःख झालं आणि मला पत्ताही नव्हता. किती महिने मी त्यांचं अक्षर पाहत आलेय. अशी वळणदार अक्षरं काढणारा माणूस चांगलाच असणार. इस्रायलमध्ये त्यांच्या नावाचं बाळ आलंय, एवढा तरी तुमच्या मनाला आधार होऊ द्या. आम्ही याच आधारावर जगतो.

फायवेलच्या पाकिटात नेहमीप्रमाणे नझिमाचं बंद पत्रही होतं. वर अरबीत लिहिलंय. बातमी कळायच्या आत तिने ते वडिलांनाच लिहिलं असेल, तर ते तुम्हाला उघडायला लावणं मला जिवावर आलं. जपून ठेवलंय. कुणाच्या नावे पाठवू तेवढं कळवा.

तुमच्या दुःखात सहभागी,
ब्रोन्का

*

बगदाद, २१ जानेवारी १९५१

आदरणीय ब्रोन्काबाई,

तुमचं सांत्वनाचं पत्र पोचलं. घरची मंडळी म्हणजे मी एकटाच, तेव्हा मयताने स्वतःच पाकीट उघडलं. आपल्या मरणाचं पत्र स्वतः वाचण्याचा योग फार थोड्यांना येतो. तुम्ही माझ्याबद्दल चांगलं लिहिलंत, आभारी आहे. जिवंतपणी इतकं कुणी बोललं नव्हतं.

मित्राला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं. मग म्हणाला, आजच्या चहाचे पैसे मात्र वारसांकडून घेऊ.

दोन विनंत्या आहेत. त्या देशाचं नाव पत्रात लिहीत जाऊ नका. इथे टपाल फोडून वाचतात आणि मग तुमचं सांत्वन खरं ठरेल. दुसरी ही: मी मेलो हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझ्या मुलीने? जे असेल ते लिहा. माझं मन घट्ट आहे.

सोबत तिच्यासाठी बंद पत्र आहे.

आपला,
(अजून) हेस्केल

*

बगदाद, २१ जानेवारी १९५१

नझिमा,

मुलगा झाला हे मला परक्या बाईकडून कळलं. आणि त्याच पत्रात मी मेल्याचंही कळलं.

नाव सासऱ्यांचं ठेवायचं होतंस, माझं ठेवलंस. का, ते आधी समजेना. मग मावशींच्या पत्राशी जुळवून पाहिलं आणि उलगडा झाला. इथे शेजारच्या दाऊदने घर सोडलं, तेव्हा राहिलेल्या भावाला म्हणाला होता, 'येत नाहीस तर तू मला मेलास.' असं बोललं जातं, मी ऐकलंय. मी नाव नोंदवलं नाही म्हणून तूही माझ्या नावाने रडून घेतलंस, सासरी सांगून टाकलंस, आणि नाव मोकळं झालं म्हणून बाळाला दिलंस.

बरोबर ना?

तू इराणच्या वाटेने निघालीस तेव्हा मी तुला अडवलं नाही. दारात उभं राहून तुझ्या पाठीमागे पाणी ओतलं, सुखरूप जा म्हणून. माझ्यासाठी निदान तेवढं तरी करायचं होतंस. मी आलो नाही म्हणून मी तुझा बाप उरलो नाही, असा कायदा त्या देशात असेल तर तो देश तुम्हांला लखलाभ.

बाळाला दृष्ट लागू नये म्हणून सात डोळ्यांचा निळा मणी घेऊन ठेवला होता. तो खिशातच आहे.

हेस्केल

*

लंडन, २ फेब्रुवारी १९५१

आदरणीय श्री. हेस्केल,

मला धरणी पोटात घेईल तर बरं. तुमचं पत्र वाचून मी आधी ओरडले, मग हसले, मग रडले. खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन पाहून गेली.

तुमच्या मुलीने काहीही सांगितलं नाही. फायवेलनेही नाही. दोष माझा आणि आमच्या रीतीचा. आमच्याकडे, पोलंडच्या ज्यूंमध्ये, जिवंत माणसाचं नाव बाळाला कधीच देत नाहीत. यमाचा दूत नाव विचारत येतो, दोघं एकाच नावाचे सापडले तर गोंधळात भलत्यालाच उचलतो, असं माझी आई म्हणायची. आमच्यात बाळाला नाव मिळालं की सगळे आधी विचारतात, 'कोण गेलं?' मी विचारलंही नाही. गृहीतच धरलं. तुमच्याकडे जिवंत माणसाचं नाव देणं हा मान असतो, हे मला फायवेलचं ते पत्र आज पहिल्यांदा नीट वाचल्यावर समजलं. नाव वाचलं आणि पुढचं डोळ्यांतल्या पाण्यामुळे वाचलंच नव्हतं.

आपण दोघंही ज्यू. एकच पुस्तक वाचतो. आणि मी तुम्हाला एका चांगल्या बातमीवरून मारून टाकलं.

नझिमाचं अडवून ठेवलेलं पत्र सोबत आहे. माफ करा.

ब्रोन्का

*

छावणी, २६ डिसेंबर १९५०

प्रिय बाबा,

मुलगा झाला! डोकं तुमच्यासारखं, मागून चपटं. रडतो फायवेलसारखा, म्हणजे आवाज न करता, नुसतं तोंड उघडून. मग मी आणि सुईण दोघी घाबरतो.

नाव हेस्केल ठेवलं. पहिला मान सासऱ्यांचा हे मला ठाऊक आहे, तुम्ही लिहिलंही होतंत, पण ऐका कसं झालं ते.

मी फायवेलला म्हटलं, तुझ्या बाबांचं नाव ठेव, झेलिग. त्याने नको म्हणून मान हलवली. म्हटलं, तुझ्या भावांपैकी कुणाचं ठेव. तो बाहेर गेला आणि पावसात उभा राहिला. आत आला तेव्हा म्हणाला, 'किती नावं आहेत ठाऊक आहे? रांग लागलीय. एकाचं ठेवलं तर बाकीचे विचारतील, मी का नाही?' मग मी सहज सांगितलं की आमच्याकडे जिवंत आजोबांचं नाव ठेवतात आणि आजोबा ते ऐकून मिश्या पिळतात. त्याचा विश्वासच बसेना. त्यांच्याकडे हे महापाप. मला म्हणाला, 'मरतील ना ते!' मी म्हटलं, माझ्या बाबांचे बाबा आणि माझा चुलतभाऊ एकाच नावाचे, एकाच घरात पंधरा वर्षं राहिले आणि रोज एकमेकांशी भांडले.

दोन दिवस गेले. सुंतेच्या दिवशी सकाळी म्हणाला, 'तुझ्या बाबांचं ठेव. आमच्या घरची सगळी नावं मेलेल्यांची. मला एकदा असं नाव हाकारायचंय, ज्याचा माणूस ओ देईल.'

बाबा, मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

पण ठेवल्यापासून त्याची झोप उडालीय. त्याच्या आईने घातलेली भीती काही जात नाही. रोज विचारतो, 'बगदादचं पत्र आलं? अक्षर त्यांचंच आहे ना?' तुमची जुनी पत्रं काढून नव्याशी ताडून बघतो. तेव्हा लवकर लिहा, मोठं लिहा आणि शिव्या घाला. शिव्या घातल्यात की त्याला कळेल, माणूस ठणठणीत आहे.

तुमची
नझिमा

ता. क. पत्राला अंब्याचा वास आला. मी ते उशाशी घेऊन झोपले. फायवेल म्हणाला, औषधच आहे.

*

बगदाद, ६ मार्च १९५१

नझिमा, माझ्या डोळ्यांच्या बाहुले,

जानेवारीतलं माझं पत्र चुलीत घाल. बाप म्हातारा झाला की उचलली जीभ लावली टाळ्याला असं होतं. तुझं एका ओळीचं उत्तर मिळालं, 'बाबा, मेलेल्या माणसाला इतकं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.' आणि फायवेलने खाली हिब्रूत लिहिलेलं, 'अक्षर त्यांचंच आहे.' ते तीन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले.

किती वर्षं मी लोकांशी वाद घालतो. इथले म्हणतात, जा, तुमचा देश झालाय. तिकडून माणसं येऊन कुजबुजतात, चला, तुमचा देश झालाय. दोघांना मी एकच उत्तर देत आलो की मी कुणाच्या सांगण्यावरून हलणार नाही. अजूनही तेच म्हणतो. देशासाठी मी हललो नसतो.

पण तो पोरगा. ज्याची सगळी माणसं गेली, त्याने भीत भीत माझं नाव आपल्या मुलाला दिलं, आणि आता रोज माझं अक्षर तपासतो. उद्या इथलं टपाल बंद झालं, महिना-दोन महिने पत्र गेलं नाही, तर तो काय समजेल? की त्यानेच मला मारलं. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही हे मी त्याला कागदावर किती वेळा लिहू? अशा गोष्टी कागदावर पटत नाहीत. समोर बसून, चांगलं पोटभर जेवून दाखवावं लागतं.

आज सिनेगॉगमध्ये जाऊन नाव नोंदवलं. रांग मोठी होती. अबू जबार सोबत येऊन उभा राहिला. पहारेकऱ्याने हटकलं, 'तू मुसलमान, तू कशाला?' तो म्हणाला, 'याची हरायची सवय मोडू नये म्हणून.' कागदावर लिहिलं होतं की मी स्वखुशीने इराकी असणं सोडतो. माझी सही चांगली असते, तुला ठाऊक आहे. आज वाकडी आली. बाहेर आल्यावर अबू जबार म्हणाला, 'तू इराकी नाहीस, तर मग मी कोण?'  आम्ही चहा न पिताच घरी गेलो.

तुझ्या आईच्या कबरीवर जाऊन आलो. तिला सांगितलं. तिने नेहमीसारखं ऐकून घेतलं.

विमानाचा नंबर लागेल तेव्हा येईन. फायवेलला सांग, तोवर मी मरणार नाही. मला वेळ नाही, अंब्याची बरणी बांधायची आहे.

तुझा
बाबा

*

छावणी, १४ सप्टेंबर १९५२

आदरणीय ब्रोन्काबाई,

इकडे येऊन वर्ष उलटलं आणि तुम्हाला नीट पत्र लिहिलं नाही. तुमच्या टेबलावरून माझ्या घरचं बोलणं इतके दिवस चाललं, आणि मी पाहुण्यासारखा उठून निघून आलो. रागावू नका.

आल्या दिवसाची हकीकत सांगतो. बगदादच्या विमानतळावर झडती घेणाऱ्याने अंब्याच्या बरणीत काटा घालून ढवळलं, आत सोनं आहे का म्हणून. मी म्हटलं, 'आहे, पिवळं आहे.' इकडे उतरलो तर उवा-किडे मारायची पांढरी पूड आमच्या अंगावर फवारली. मी कचेरीतला चांगला सूट घालून आलो होतो. टोपीवर, भुवयांवर, मिशीवर पूड. ब्रोन्काबाई, तुम्ही मला मेलेला समजला होतात तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. त्या क्षणी वाटलं.

छावणीच्या फाटकाशी फायवेल उभा होता. किडकिडीत, कान मोठे. त्याने माझा हात हातात घेतला तो सोडेना. मला वाटलं प्रेमाने धरलाय. नंतर लक्षात आलं, तो नाडी बघत होता.

नझिमा माझ्या गळ्यात पडून रडत होती. बाळ पलीकडे चिखलात बसून माती खात होतं. फायवेलने त्याला हाक मारली, 'हेस्केल!' त्याने काही वर पाहिलं नाही. आपल्या नावाला ओ देण्याची माझी साठ वर्षांची सवय, मी म्हणालो, 'ओ!'

तुमचा भाचा तिथेच चिखलात खाली बसला. पुन्हा म्हणाला, 'हेस्केल.' मी पुन्हा ओ दिली. किती वेळा झालं ते सांगत नाही. येणारेजाणारे बघत होते, म्हणाले असतील, आले आणखी दोन वेडे. माझ्या खिशातला निळा मणी मी बाळाला बांधायला काढला होता. तो त्याच्या बापाच्या गळ्यात घातला, बाळाचं पुढे बघू.

आता आम्ही तंबूतून पत्र्याच्या खोलीत आलोय. फायवेल अंडं आणि अंबा माझ्याहून जास्त खातो. मला इथे सगळे 'इराकी आजोबा' म्हणतात. बगदादमध्ये मी सारा जन्म 'तो ज्यू' होतो, इराकी व्हायला इथे यावं लागलं. गच्चीची आठवण येते. अबू जबारची येते. त्याला पत्र पाठवायचं म्हणजे पुन्हा तुमचंच टेबल लागेल. सोबतचं पाकीट त्याचं आहे, तेवढं पुढे पाठवा. देशाचं नाव नका लिहू.

आणि आता खरी विनंती. परवा नझिमाला मुलगी झाली. सगळ्यांचं एकमत आहे, पण तुम्हाला विचारल्याशिवाय नाही. तुमची रीत मी आता जाणतो. नाव हे मागून घ्यायचं असतं, आणि तुम्ही भ्यालात तर आम्ही पुन्हा चकार शब्द काढणार नाही. मुलीचं नाव ब्रोन्का ठेवू का?

आपला,
मयत हेस्केल

*

लंडन, २८ ऑक्टोबर १९५२

प्रिय हेस्केल,

उशीर झाला. घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पहिले काही दिवस रोज सकाळी उठून आधी छातीवर हात ठेवून पाहिलं. आईचा आवाज कानात होता. तुमचं पत्र चहाच्या डब्यामागे लपवलं, म्हणजे यमाच्या दूताला दिसू नये. पन्नाशी उलटलेली बाई, शिकलेली, आणि हे असं.

अबू जबार यांचं पाकीट त्याच दिवशी पाठवलं. त्यांचं उत्तरही आलंय, सोबत आहे. बघून सांगते, त्यांचं अक्षर तुमच्याइतकं चांगलं नाही.

मग एक दिवस दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, 'गुड मॉर्निंग, मॅडम.' जिन्यात शेजारीण म्हणाली, 'त्या पोलिश बाई आल्या बघा.' संध्याकाळी बसून आठवत होते, मला माझ्या नावाने शेवटची हाक कुणी मारली. बहीण होती, फायवेलची आई. एकोणचाळीस साली, स्टेशनवर, गाडी हलली तेव्हा. गर्दीत मी ओ दिली होती. तिला ऐकू गेली की नाही, कळलं नाही.

नाव ठेवा. माझं वय बघता यमाचा दूत चुकलाच तर माझ्याकडेच येईल, बाळाकडे नाही, याचा मी विचार केलाय आणि मला तो सौदा मान्य आहे.

एकच अट. पोरीला हाक मारताना हळू बोलू नका. तंबूत, पत्र्याच्या खोलीत, पाणी भरायच्या रांगेत, जिथे असेल तिथे मोठ्याने मारा. दिवसातून पुष्कळदा मारा.

मी इथून ओ देईन.

तुमची
ब्रोन्का